अभिषिक्त कोण?

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या चार्वाक चौकातून दर रविवारी सकाळी एक मावशी रिक्षा पकडतात. पिशवीत बायबल, गीतांचं पुस्तक आणि गेली दोन वर्षं एक दोनशेपानी वही. चार्वाकाच्या नावाच्या चौकातून उपासनेला निघायचं, यातली गंमत त्यांना कळते. मावशी निवृत्त परिचारिका आहेत. कागदावर नोंद नसेल तर औषध दिलंच नाही असं समजायचं, ही त्यांच्या वॉर्डातली शिस्त.

याच सवयीने त्यांनी मंडळीच्या वार्षिक सभेत विचारलं, छपराच्या दुरुस्तीसाठी जमलेल्या अर्पणातून किती खर्च झाला? कुणी चिडलं नाही. पाळकसाहेब हसून म्हणाले, “मावशी, हा विषय आपण प्रार्थनेत ठेवू या.” पुढच्या रविवारी खरोखरच प्रार्थना झाली, पण ती हिशेबासाठी नव्हती. मंडळीतल्या ‘कडवटपणाच्या आत्म्या’साठी होती. त्यानंतर महिला मंडळाच्या बैठकीचा निरोप मावशींपर्यंत पोचेनासा झाला. मंडळीचं नाव मी सांगत नाही. एकीचं सांगितलं की बाकीच्या सुटतात.

छपराचे पैसे कदाचित चोख खर्च झालेही असतील. मला तो मुद्दाच वाटत नाही. पैशांविषयीचा प्रश्न दोन आठवड्यांत प्रश्न विचारणारीच्या आत्म्याचा आजार बनला, आणि दीडशे माणसांनी त्यावर ‘आमेन’ म्हटलं. एखाद्या धार्मिक संस्थेची तब्येत बिघडल्याचं लक्षण मी इथे शोधतो. अफरातफर, अत्याचार, कोर्टकचेऱ्या फार नंतर येतात, आणि त्या आल्या की ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ म्हणणारे तेच दीडशे असतात.

मावशींना नंतर मंडळीच्या एका वडिलांनी (एल्डरनी) एकशे पाचव्या स्तोत्राचा दाखला दिला. देवाच्या अभिषिक्तांना हात लावू नये, अशी ताकीद तिथे आहे, आणि आपल्याकडे पाळकांवरच्या टीकेपुढे ती हमखास ढालीसारखी धरली जाते. मावशींनी घरी येऊन आख्खं स्तोत्र वाचलं. ताकीद दिली आहे ती राजांना. आणि अभिषिक्त आहेत मूठभर, परके, या देशातून त्या देशात भटकणारे बिनजमिनीचे लोक. दुबळ्यांना सत्तेपासून वाचवणारं ते वचन सत्तेला दुबळ्यांपासून वाचवायला वापरलं जातं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचीही हीच गत. भावाचा अपराध आधी त्याला एकांतात सांग, एवढं सगळ्यांना पाठ असतं. ऐकलं नाही तर साक्षीदार ने, तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग, या पुढच्या पायऱ्यांवर प्रवचन ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

इंदिरानगरहून रिक्षाने शहराकडे गेलं की शरणपूर लागतं. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवलेलं हे ख्रिस्ती गाव, आता नाशिकच्या पोटात विरघळलेलं. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे आणली जात. ती सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या शवासोबत १८७४ साली वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा इथलाच विद्यार्थी. शरणपूरचे मिशनरी विल्यम प्राइस त्याच सुमारास मोंबासाजवळ गेले आणि मुक्त झालेल्या गुलामांसाठी त्यांनी फ्रिअरटाउन वसवलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव त्या वसाहतीला मिळालं. नाशकात शिकून तयार झालेली आफ्रिकी माणसं तिथे शिक्षक झाली, कारागीर झाली.

इथवरची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पुढची सांगत नाही. प्राइस परतले आणि काही वर्षांतच, गुलामगिरीतून सोडवलेल्या माणसांच्या त्या वसाहतीत मिशनच्या इंग्रज व्यवस्थापकाच्या हुकमाने फटके मारले जाऊ लागले. प्रकरणाला वाचा फुटली ती मिशनच्या आतून नव्हे, बाहेरच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांमुळे. १८८१ साली गवगवा झाला आणि घडी बसवायला प्राइसना पुन्हा तिकडे जावं लागलं.

तो व्यवस्थापक स्वतःला क्रूर समजत नसावा. शिस्त लावतोय, असंच त्याला वाटत असणार. पण फ्रिअरटाउनची जमीन मिशनची, घर मिशनचं, मजुरी मिशनची, शाळा मिशनची, न्यायनिवाडाही मिशनचाच. सगळे दोर एका हातात असले की चाबूकही आपोआप त्याच हातात येतो.

आजच्या मंडळीत चाबूक नाही, दोर मात्र आहेत. मुलाला मिशनच्या शाळेत प्रवेश हवा, मुलीच्या लग्नाला पाळकांचं पत्र हवं, काकांची नोकरी ख्रिस्ती दवाखान्यात, राहायला जागा कंपाउंडमध्ये, शेवटी पुरायची जागासुद्धा त्याच दफनभूमीत. ‘पटत नसेल तर दुसरीकडे जा’ म्हणणं सोपं आहे. त्यात बाहेरची भीती. प्रार्थनासभांवर धर्मांतराचे आरोप होतात, कधी दगडही येतात. अशा वेळी घरातली भानगड चव्हाट्यावर कशाला, हा विचार मला खोटा वाटत नाही. मीसुद्धा अनेकदा त्याच कारणाने गप्प बसलो आहे. पण या भीतीचा फायदा मार खाणाऱ्याला कधी मिळालेला मी पाहिला नाही.

मद्रासमध्ये जन्मलेले रवी झकरायस जगभर नावाजलेले ख्रिस्ती वक्ते होते. २०१७ मध्ये एका स्त्रीने तक्रार केली, तेव्हा त्यांनी तिच्यावरच दावा लावला आणि गुप्ततेच्या करारावर प्रकरण मिटवलं. संस्था त्यांच्या पाठीशी राहिली. २०२० मध्ये ते वारले. पुढच्या फेब्रुवारीत संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या चौकशीत अनेक स्त्रियांबाबतचं त्यांचं गैरवर्तन उघड झालं.

याच्या उलट चित्र आपल्याच घरात आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई पुढे तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी कडाडून भांडल्या. चर्चचा अधिकार कुठवर आणि आपली सदसद्विवेकबुद्धी कुठून सुरू होते, यावर पानंच्या पानं पत्रं. जिच्याशी वाद, तिला त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. जेराल्डिन चिडल्या, या शिष्येला गर्व झाला आहे असं त्यांना वाटलं. आणि तरीही तीच पत्रं त्यांनी जपून, जमवून ठेवली. १९७७ साली अ. भि. शहांनी ती प्रसिद्ध केली. आपल्या विरोधातला कागद जपून ठेवणारी माणसं आपल्या किती मंडळ्यांत आहेत?

कायदा हिशेब आणि तक्रारींबाबत बराच रोखठोक आहे. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचे हिशेब तपासून घ्यावे लागतात, ते धर्मादाय कार्यालयात सादर करावे लागतात, विश्वस्त बदलले तर तसं कळवावं लागतं. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणं हा २०१२च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, मग आधी ‘आपसांत समेट’ करणं कितीही आध्यात्मिक वाटो. जगाच्या न्यायालयात जाऊ नये, असं इथे कुणीतरी पौलाचा हवाला देऊन म्हणेलच. पौल स्वतः मात्र वेळ आली तेव्हा कैसराकडे दाद मागून मोकळा झाला होता.

मावशींनी मंडळी सोडलेली नाही. का, असं विचारलं तर म्हणतात, “माझा बाप्तिस्मा इथला, माझे मिस्टर इथल्या मातीत आहेत. मी का जाऊ?” तिसऱ्या बाकावर, डावीकडच्या टोकाला बसतात. शेजारची जागा बहुतेक रिकामी असते. मागच्या महिन्यात एक कॉलेजातली मुलगी तिथे येऊन बसली आणि वहीत काय लिहिता, असं हळूच विचारलं.

यंदाच्या वार्षिक सभेची नोटीस लागली आहे. हिशेब सातव्या क्रमांकावर, जेवणाच्या लगेच आधी. मावशींनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला आहे.