राहुलाचा आरसा



तुम्ही धम्मदीक्षा घेतली. देव्हाऱ्यातले देव काढले, भिंतीवर भगवान बुद्धांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा लावली. सकाळ-संध्याकाळ घरात त्रिसरण-पंचशील होते. हे सर्व उत्तम झाले. पण चार-सहा महिने गेले आणि संसारातल्या अडचणी पुन्हा दारात उभ्या राहिल्या. मुलगी आजारी पडली, कामावर खाडे झाले, दुकानदाराची उधारी थकली. पूर्वी अशा वेळी घरातली वडीलधारी माणसे नवस बोलत, देवऋष्याकडे जात, कोंबडे कबूल करीत. त्याने अडचण जात नसे, पण काहीतरी केल्याचे समाधान वाटे. तो मार्ग आता आपण स्वतःहून बंद केला आहे. मग मनात प्रश्न येतो, आणि घरातली आजी तर तो उघडच विचारते : "आता कुणापुढं हात जोडायचे?"

आजीच्या या प्रश्नाला हसू नका. तो खरा आहे. त्याचे उत्तर न सापडल्यामुळे मनगटाला दोरा बांधून जुनाच नवस नव्या नावाने चालविणारे आपल्यात आहेत. भगवंतांनी आपल्याला दोरा दिला नाही. त्यांनी आरसा दिला, आणि तो प्रथम आपल्या पोटच्या मुलाला दिला.

भगवान राजगृहाच्या वेळुवनात राहत होते आणि राहुल जवळच अंबलट्ठिका येथे राहत होता. तो त्या वेळी अवघा सात वर्षांचा होता, असे अट्ठकथा सांगते. एके दिवशी सायंकाळी भगवान त्याच्याकडे गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि मुलाला ते दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेसेच, असे ते म्हणाले. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे घातले, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखविले. आणि मग विचारले, राहुला, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे मुलाने उत्तर दिले. तसेच प्रत्येक कर्म पाहून पाहून करावे, असे भगवंतांनी त्याला सांगितले. कायेचे, वाणीचे, मनाचे. करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे, केल्यावर पाहावे. याने माझे अहित होते का? दुसऱ्याचे होते का? दोघांचे होते का?

मज्झिम निकायातील हे एकसष्टावे सुत्त. ते भिक्खूसाठी सांगितले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. सम्राट अशोकाला तसे वाटले नाही. बैराटच्या शिलालेखात त्याने सात धम्मवचने नावानिशी कोरविली. त्यांत खोटे बोलण्यासंबंधी राहुलाला केलेला हा उपदेश आहे. भिक्खू-भिक्खुणींनी, तसेच उपासक-उपासिकांनीही ही वचने वारंवार ऐकावीत आणि मनात धरावीत, अशी इच्छा त्याने तिथे व्यक्त केली आहे. तेव्हा हा आरसा घरसंसारातल्या माणसांसाठीही आहे.

आता तो आपल्या घरात आणून पाहू. उधारी थकली आहे. दुकानदाराची हाक दारात येते. तुम्ही आत बसला आहात आणि मुलाला हळूच सांगता, "जा, सांग, बाबा घरी नाहीत." आता हेच आपण मोबाईलवरही करतो, गावात असून बाहेरगावी असल्याचे सांगतो.

दुसऱ्याच्या घरचे कशाला सांगू? हे माझ्याच घरी घडले आहे. दुकानदाराचे साडेचारशे रुपये मला देणे होते. मुलगा तिसरीत होता. त्याने निरोप बरोबर सांगितला, आणि त्याच्या हुशारीचे मला कौतुकसुद्धा वाटले. त्यानंतर सव्वा महिना मी मागच्या बोळाने ये-जा करीत होतो. पुढे एके दिवशी मुलाने परीक्षेचे प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी लपविलेले सापडले. मी हात उगारला. तो रडत म्हणाला, "तुम्हीच तर मला दुकानवाल्याला खोटं सांगायला लावलं." माझा हात तिथेच राहिला. रोज संध्याकाळी मुसावादा वेरमणी म्हणणारा मी, माझे भांडे पालथे झालेले त्या पोराने मला दाखविले.

आरसा आधी हाती असता तर? तोंड उघडण्यापूर्वीच दिसले असते, की उद्याही लपावे लागेल, मुलगा खोटे शिकेल, दुकानदाराचा विश्वास जाईल. तेव्हा सुचले नाही, तरी मुलगा उंबरठ्यापर्यंत पोहोचेतो त्याला परत बोलावता आले असते. तेही चुकले. पण तिसरी वेळ उरतेच. कायेने किंवा वाणीने चूक झाली तर ती शास्त्यापुढे किंवा सुज्ञ सोबत्यापुढे उघड सांगावी आणि पुढे संयम पाळावा, असे भगवंतांनी सांगितले. मनातल्या अकुशल विचारासाठी मात्र एवढेच सांगितले, की त्याची लाज वाटावी, किळस यावी. ही थोर करुणा आहे. मनात आलेले सगळेच चव्हाट्यावर मांडायचे ठरले तर कोणाचा संसार टिकेल?

मी प्रथम पत्नीला सांगितले, मग मुलाला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. आठवड्याला पन्नास रुपये ठरले. दुकानदार काही गोड बोलला नाही. हिशोब मिटेपर्यंत नवी उधारी बंद, असे त्याने तोंडावर सांगितले. नऊ आठवडे घरात साखर आली नाही. मजुरी तीच होती, महागाई तीच होती. पण मी पुढच्या रस्त्याने घरी येऊ लागलो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण काही प्रवचनकार या ठिकाणी घोटाळा करतात. घरातले प्रत्येक दुःख तुमच्याच कर्माचे, तेही मागच्या जन्माच्या, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. गरिबांच्या दुरवस्थेची जबाबदारी झटकण्यासाठी तो सिद्धांत कसा उपयोगी पडतो, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखवून दिले आहे. मजुरी कमी मिळते, जात विचारून खोली नाकारली जाते, यात तुमचा दोष नाही. तिथे कायदा आहे, संघटना आहे. तिथे लढावेच लागेल. मात्र लढणाऱ्याला मागच्या बोळाने फिरून चालत नाही. पगाराच्या दिवशी गुत्त्याकडे वळणाऱ्या पायांचीही गोष्ट हीच. ते वळण्यापूर्वी पाहायचे असते.

आणि आरशात डागच दिसतात असे नाही. पाहिले आणि कर्म कुशल दिसले, तर त्या आनंदात राहावे, रात्रंदिवस कुशल धम्माचा अभ्यास करावा, असेही भगवंतांनी राहुलाला सांगितले. हा भाग आपण विसरतो आणि उगाच तोंड पाडून बसतो.

येत्या पौर्णिमेपर्यंत एवढे करा. रात्री वंदना झाल्यावर दिवे मालविण्याआधी घरातल्या सर्वांनी पाच मिनिटे एकत्र बसावे. आज बोललेले एक वाक्य प्रत्येकाने आठवावे. ते खरे होते का, कोणाला लागले का, ते सांगावे. प्रथम बापाने सांगावे, मग आईने, मग मुलांनी. मुलाने चूक सांगितली तर त्या रात्री त्याला रागावू नये. आजीलाही जवळ बसवावे. तिला बोलायचे नसेल तर नुसते ऐकू द्यावे.