जन्म, कागद आणि कोठडी

गुन्हा न करणाऱ्या माणसाला कोंडून ठेवणे धम्माला मान्य होईल काय? प्रश्न सोपा वाटतो. आपण लगेच 'नाही' म्हणतो. पण कोंडलेला माणूस 'परदेशी' आहे असे कोणी सांगितले, की आपले उत्तर डळमळू लागते. बांधवांनो, ते का डळमळते, याचा विचार नवदीक्षित कुटुंबांनी केला पाहिजे.

आसामची हकीकत घ्या. २५ मार्च १९७१ पासून पुढे जे आले ते परदेशी, त्यांना बाहेर काढावे, असे १९८५ च्या आसाम कराराने ठरले. कोण परदेशी याचा निवाडा तेथील न्यायाधिकरणे करतात. चोरीच्या खटल्यात आरोप सरकारला सिद्ध करावा लागतो. येथे उलट आहे. आपण परदेशी नाही, हे त्या माणसानेच सिद्ध करायचे! १९४६ च्या कायद्याने हे ओझे त्याच्या डोक्यावर ठेवले आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही ते तेथून उतरवलेले नाही. १९८५ पासून फेब्रुवारी २०१९ पर्यंत ६३,९५९ माणसे त्यांच्या गैरहजेरीतच परदेशी ठरली, असे सरकारने लोकसभेत सांगितले.

परदेशी ठरलेल्या अनेकांना गोलपारा, सिलचर, तेजपूर अशा ठिकाणच्या तुरुंगांत ठेवले गेले. खुनी कैद्याला शिक्षेची मुदत असते. यांना ती नव्हती. नवरा एका तुरुंगात, बायको दुसऱ्या तुरुंगात, लेकरे नातेवाइकांच्या दारात. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे पूर्ण झालेल्यांना सोडण्याची वाट काढली, पण त्यासाठी प्रत्येकी एक लाखाचे दोन जामीन हवे होते. रोजंदारीवरच्या माणसाने ते कोठून आणायचे? २०२० साली मुदत दोन वर्षांवर आणि जामीन पाच हजारांवर आला. २०२३ पासून या लोकांना गोलपारा जिल्ह्यातील मातिया येथे, तीन हजार माणसांसाठी बांधलेल्या स्वतंत्र छावणीत नेऊ लागले.

२०१९ च्या ऑक्टोबरात अशाच कोठडीतला एक वृद्ध रुग्णालयात मरण पावला. घरच्यांनी कित्येक दिवस प्रेत ताब्यात घेतले नाही. तो परदेशी होता ना, मग त्याचे बांगलादेशातले घर शोधा आणि प्रेत तेथे पाठवा, असे त्यांचे म्हणणे होते. या म्हणण्याला कोणाजवळ उत्तर होते?

कोणी म्हणेल, खरा नागरिक असेल त्याला भय कशाचे? मी शिक्षक आहे. कागद कसा तयार होतो, ते मी रोज पाहतो. जुन्या दाखल्यांत निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून सापडते. आईबापांना तारीख ठाऊक नव्हती, गुरुजींनी अंदाजाने घातली. माझ्या स्वतःच्या आईचे नाव रेशनकार्डावर एक आहे आणि मतदारयादीत दुसरे. धम्मदीक्षेनंतर आपल्यातल्या कित्येकांनी जुनी हीन नावे टाकून नवी नावे घेतली. गावच्या दप्तरात मात्र जुनीच राहिली. कागद लिहितो एक, आणि त्याच्या चुकीचा जाब द्यावा लागतो निरक्षर माणसाला. नावाच्या अक्षरांत आणि तारखांत किरकोळ फरक पडला म्हणून परदेशी ठरलेल्या एका आसामी माणसाला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये भारतीय ठरवले. पण तोवर त्याला मरून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

आणि समजा, माणूस खरोखरच परदेशी आहे. तर? देशाला सीमा असावी, कायदा असावा, याला धम्माचा विरोध नाही. परंतु परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या संविधानाचे २१ वे कलम पाहा. जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण तेथे 'नागरिका'ला नव्हे, तर 'व्यक्ती'ला दिले आहे. हे काही नजरचुकीने झालेले नाही. जे हक्क केवळ नागरिकाचे, तेथे 'नागरिक' हाच शब्द आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेले आपले बौद्ध चकमा बांधव अरुणाचलात संकटात सापडले, तेव्हा १९९६ साली याच कलमाने त्यांना सर्वोच्च न्यायालयात आधार दिला. जो आधार आपल्याला चालतो, तो आसामच्या मुसलमानाला किंवा बंगाली हिंदूला नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

माणूस जन्माने नीच ठरत नाही, कर्माने ठरतो, ही तथागतांची शिकवण. जन्म हाच गुन्हा मानला की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणात जन्मली आणि तेथेच वाढली. कुंपण तेच आहे. तेव्हा जात विचारली जाई, आता जन्मगाव विचारले जाते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणाऱ्या युद्धाला त्याने विरोध केला, आणि त्यापायी त्याला आपली भूमी सोडावी लागली. परमुलखात ओंजळ पसरणाऱ्या त्या परिव्राजकाकडे कोणी कागद मागितला असता, तर त्याने काय दाखवले असते?

म्हणून बांधवांनो, घरात कोणाला 'घुसखोर' म्हटले गेले, तर मुलांना एवढेच विचारायला शिकवा : त्याने केले काय? शेजारच्या निरक्षर म्हातारीचे कागद नीट करून द्या. आणि विहारात मैत्रीभावना करताना ज्यांना आपण सुख चिंततो, त्या सर्व प्राण्यांत मातियाच्या भिंतीआडचा माणूसही आहे, हे ध्यानात ठेवा. त्याला वगळून केलेली मैत्री ही मैत्री नव्हे.