पत, पुरावा आणि विश्वास

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेला एखादा लहान व्यापारी आज हातातील फोनवरून सुरतेच्या कापडवाल्याशी लाखाचा सौदा ठरवू शकतो. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते. गाव, घराणे, पेढी यांची ओळख नसते. तरीही माल निघतो आणि पैसा पोहोचतो. या व्यवहारास विश्वास म्हणावयाचे की केवळ धोक्याचा हिशेब, हा प्रश्न अर्थशास्त्राचा दिसला तरी मूलतः नीतिशास्त्राचा आहे, असे आम्हांस वाटते.

पूर्वीचा व्यापार ओळखीवर चाले व म्हणून तो अधिक सचोटीचा होता, असे पुष्कळांचे मत आहे. त्यात अर्धेच सत्य आहे. शाहजोग हुंडीचे पैसेसुद्धा बाजारात पत असलेल्या 'शहा'सच मिळत. म्हणजे पडताळा तेथेही होताच. उलट, केवळ नावलौकिकावर विसंबण्याचे फळ मुंबईने १८६५ साली चाखले. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचा भाव चढला असता बँक ऑफ बॉम्बेने प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाखातर भरमसाट कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, बॅक बे कंपनीचे शेअर मातीमोल झाले, आणि १८६८ साली ती बँक गुंडाळावी लागली. लौकिक हेच तारण समजले गेले, त्याचा हा परिणाम.

तेव्हा पडताळा पाहणे म्हणजे समोरच्याचा अपमान नव्हे. २०१७ सालापासून जीएसटीचा क्रमांक घालून कोणासही व्यापाऱ्याची नोंदणी तपासता येते. ही सोय स्वागतार्ह होय. परंतु क्रमांकावरून माणूस कोण ते कळते, तो उद्या कसा वागेल ते कळत नाही. पुरावा भूतकाळाचा असतो. वचन भविष्याचे असते. या दोहोंमधील अंतर कोणतेही यंत्र बुजवू शकत नाही, आणि विश्वासाचे खरे स्थान तेथेच आहे.

येथे एक अन्याय मात्र नजरेआड होतो. लहान कारखानदाराने मोठ्या कंपनीस उधारीवर माल द्यावयाचा व बिलाची वाट पाहावयाची, यासही विश्वास म्हणतात. २००६ च्या कायद्याने अशा सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत देण्याचे बंधन घातले, विलंबास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही लावले. पण पुढील ऑर्डर हातची जाईल या भीतीने जो व्याज मागूच धजत नाही, त्यास कायद्याचा काय उपयोग? ज्यास 'नाही' म्हणण्याची सोय नाही त्याच्या स्वीकृतीस विश्वास म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे; ती निव्वळ लाचारी होय.

म्हणून आमच्या मते कसोटी एवढीच: जो पडताळा आपण दुसऱ्याचा पाहतो, तोच त्यास आपलाही पाहू द्यावा, आणि त्यानंतर जो धोका उरेल तो दुर्बळाच्या एकट्याच्या माथी मारू नये. पत बाजार ठरवितो. विश्वासास पात्र होणे मात्र ज्याच्यावर तो टाकला जातो त्याचे कर्तव्य आहे.