पाच लिंबं, सात माणसं

आमच्या घरात माझ्याकडे एकच खातं आहे : सरबत. तेही हंगामी. गुढीपाडव्याला मी कार्यभार हाती घेतो आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की राजीनामा देतो. बाकीचं सगळं मंत्रिमंडळ बारा महिने सौभाग्यवतींच्या हाती असतं आणि त्यात कधी फेरबदल झाल्याचं मला आठवत नाही.

पण खातं लहान म्हणून कुणी हलक्यात घेऊ नये. लिंबू आधी पोळपाटावर तळहाताखाली दाबून फिरवावं लागतं, मग ते मन मोकळं करतं. पिळताना मात्र फार जोर लावायचा नाही. सालीचा कडूपणा रसात उतरतो, आणि बी चिरडली तर सरबताचा काढा होतो. साखर आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवायची, कारण माठातल्या गार पाण्यात ती तळाशी बसून राहते. मग सैंधव, भाजून कुटलेलं जिरं, मिरपूड, चमचाभर आल्याचा रस. आणि इथेच भानगड सुरू होते. मिरपूड वर तरंगते, जिरं खाली बसतं. म्हणजे पातेलं एकच, पण पहिल्या ग्लासाला ठसका आणि शेवटच्या ग्लासाला गाळ! दर ग्लासागणिक पळी तळापर्यंत घालून ढवळलं तरच सगळ्यांना एक चव मिळते. हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली. तोवर माझा ग्लास मधल्या फळीत भरला जाईल, एवढीच काळजी मी घेत असे.

जॉन रॉल्स नावाचे एक अमेरिकन तत्त्वज्ञ होऊन गेले. 1971 साली त्यांनी न्यायावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात केक वाटण्याचा एक दाखला आहे. जो केक कापील त्यानं शेवटचा तुकडा घ्यायचा. मग तो आपोआप सगळे तुकडे सारखे कापतो. मला हे वाचून फार आनंद झाला, कारण आमच्या घरी ही पद्धत पहिल्यापासून आहे. सरबत मी करतो, वाटते ही, आणि शेवटचा ग्लासही हीच घेते. फरक एवढाच, की ती सगळ्यांचे ग्लास काठोकाठ भरते आणि स्वतः उरेल ते, म्हणजे अर्धा ग्लास जिऱ्याचा गाळ, पिते. रॉल्ससाहेबांचा सगळा हिशेब वाटणारा थोडा तरी स्वार्थी आहे, असं धरून केलेला. आमच्या स्वयंपाकघरात तो कसा टिकावा? पाहुण्यांना हा किस्सा मी कौतुकानं सांगत असे. कौतुक केल्यानं आपला ग्लास कमी होत नाही.

2022 च्या एप्रिलात लिंबू दहा रुपयांना एक झालं होतं, ते तुम्हांला आठवत असेल. या झाडाचा स्वभावच विचित्र. पावसाळ्यात, जेव्हा सरबताची कुणाला आठवण नसते, तेव्हा लिंबांचे ढीग लागतात. आणि भर उन्हाळ्यात ते हात आखडतं. त्या दिवशी घरात पाच लिंबं होती आणि मेहुण्याचं कुटुंब अचानक आलं. ते चौघं, आई, ही आणि मी, मिळून सात. मी पाणी वाढवलं, साखर वाढवली आणि मसाला सढळ हातानं टाकला. लिंबू कमी पडलं की मसाला वाढवायचा, ही युक्ती सरबतापुरतीच आहे असंही नाही. भाषणं ऐकता ना तुम्ही?

ट्रेमध्ये सात ग्लास मांडले आणि बेल वाजली. सिलिंडर आला होता. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आतला गॅस 14.2 किलो आणि लोखंड त्याहून थोडं जास्तच, म्हणजे तीस किलो खांद्यावर. माणूस घामानं निथळत होता. मी मोठ्या मनानं विचारलं, "पाणी देऊ का?"

दिलंही. खिडकीत उपडा ठेवलेला स्टीलचा पेला घेऊन. या पेल्यावर काही लिहिलेलं नाही. पण तो कुणासाठी आहे ते आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मेहुण्याला कधी कुणी त्यातून पाणी दिलेलं नाही. तो माणूस दारात उभ्यानं, ट्रेकडे न बघता पाणी पीत होता. ट्रेकडे न बघायला बरंच बघावं लागतं.

"आतोबा, त्या काकांना सरबत नाही?" मेहुण्याची धाकटी मोठ्यानं म्हणाली. मी वाटणीचा एवढा विचार केलेला माणूस. पण वाटेकरी किती हे कोण ठरवतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मी काही बोलायच्या आत हिनं एक ग्लास उचलून त्याच्यापुढे धरला. अर्थात तिचा स्वतःचा. माझ्या घराचा दिलदारपणा नेहमी तिच्याच खात्यातून खर्च होतो.

"नको ताई," तो म्हणाला, "डॉक्टरांनी साखर बंद केलीय."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? अगदी क्षणभर, पण वाटलं. त्या दिवशीचं सरबत सगळ्यांनी वाखाणलं. मला मात्र फक्त जिरं लागत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी एक ग्लास जास्तीचा करू लागलो, बिनसाखरेचा, नुसतं मीठ-जिऱ्याचा. सिलिंडर काही रोज येत नाही, तेव्हा हा परोपकारी ग्लास संध्याकाळी मीच संपवत असे. चांगला लागतो. पुढचे दोन सिलिंडर दुसऱ्याच कुणी माणसानं आणले, तेही मी ऑफिसात असताना.

तो पुन्हा आला जुलैत. बाहेर धो धो पाऊस, टोपलीत डझनभर स्वस्त लिंबं. मी उत्साहानं विचारलं, "सरबत करू? बिनसाखरेचं!"

"या पावसात, साहेब?" तो हसला. "चहा असेल तर द्या. बिनसाखरेचा."

चहा तयारच होता. मी कपबशी काढायला कपाट उघडलं, आणि कुठला कप काढावा, याचा विचार करत जरा वेळ तिथेच उभा राहिलो.