कशाच्या मानाने?

“मावशी, एवढ्या पैशात 65 इंची टीव्ही आला असता.” भाचा म्हणाला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून लगेच पुढे म्हणाला, “पण किमतीच्या मानाने चांगलाय हां.”

वाकोल्यातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत तेव्हा दुपारचे चार वाजले होते. माझ्या प्रोजेक्टरमधून भिंतीवर 100 इंचाचं चित्र पडलं होतं, पण खिडकीच्या पडद्याच्या कडेने ऊन आत येत होतं. चित्रातली रात्र पाण्यात कालवलेल्या राखेसारखी दिसत होती. तो चहा पिऊन गेला. ‘किमतीच्या मानाने’ हे दोन शब्द मात्र घरातच राहिले.

हे आपण कशालाही लावतो. भाड्याच्या खोलीला, खानावळीतल्या आमटीला, पोराच्या मार्कांना. ऐकताना कौतुक वाटतं, पण चांगलं म्हणता म्हणता त्यातला अर्धा चांगुलपणा काढून घेतलेला असतो. माझं म्हणणं सरळ होतं. चित्र चांगलं की वाईट हे डोळ्यांनी ठरवावं, परवडतं की नाही हे खिशाने. डोळ्यांच्या कामात खिशाने कशाला पडायचं?

पुढच्या रविवारी हे मी त्याला ऐकवलं. तो इंजिनिअर. म्हणाला, “डोळे फसतात. आकडे बघ.”

आकडे आता सगळ्यांनाच पाठ आहेत. फुल एचडी म्हणजे 1920 गुणिले 1080, सुमारे 20.7 लाख ठिपके. 4के म्हणजे त्याच्या चौपट, 83 लाख. स्वस्त यंत्राच्या खोक्यावर ‘4के सपोर्टेड’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की ते यंत्र 4के चित्र आत घेतं. बाहेर किती ठिपके टाकतं, ते वेगळं. हेही आता बहुतेकांना कळलं आहे. लुमेन या उजेडाच्या मापाचं तसंच. एएनएसआयच्या पद्धतीत पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात. नुसतं ‘9000 लुमेन’ छापायला काहीच मोजावं लागत नाही. भाच्याचा आकड्यांवर विश्वास आहे आणि खऱ्या आकड्यांवर माझाही आहे. पण ‘संत तुकाराम’ हा चित्रपट 1936 सालचा. त्याची जी झिजलेली प्रत आपल्यापर्यंत पोचते, ती 83 लाख ठिपक्यांत दाखवली तर तिच्यावरचे ओरखडे तेवढे रेखीव दिसतील.

माझा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. उजेड वेगळा आणि चित्र वेगळं. दुकानात विकतात तो उजेड. चित्र व्हायला उजेडाच्या शेजारी काळोख लागतो, आणि प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. जिथे काळं दाखवायचं तिथे तो फार तर उजेड अडवतो. मग भिंत मुळात जेवढी काळी असेल तेवढंच आपल्याला काळं दिसतं. नायिकेचे केस, अमावस्येची रात्र, विहिरीचा तळ हे सगळं आपली खोली पुरवत असते.

याचा हिशेब कागदावर मांडता येतो. 100 इंचाचा पडदा म्हणजे साधारण पावणेतीन चौरस मीटर. खरे मोजलेले 500 लुमेन त्यावर पसरले की सुमारे 180 लक्स उजेड पडतो. चांगल्या पांढऱ्या पडद्यावर आणि पुऱ्या अंधारात हा उजेड चित्रपटगृहासाठी ठरवलेल्या मापाच्याही थोडा वर जातो. आता ट्यूबलाइट लावा. तिचे 100 लक्स भिंतीवर आले, तर काळं 100 आणि पांढरं 280. म्हणजे पांढरं काळ्याच्या तिप्पटही नाही. चौपट उजेडाचं महाग यंत्र आणलं तरी हे प्रमाण आठपटीच्या आसपास अडतं. त्याऐवजी बटण दाबून ट्यूब बंद केली आणि भिंतीवर एकच लक्स उरला, तर तेच साधं यंत्र 180 पट फरक दाखवतं. हजारो रुपयांचं काम एका बटणाने होतं.

इथे थोडं मागे जावंसं वाटतं. 1892च्या सुमारास कल्याणचे महादेवराव पटवर्धन आणि त्यांची मुलं ‘शांबरिक खरोलिका’ घेऊन खेळ करत. हाताने रंगवलेल्या काचा, मागे दिवा, समोर कापड, आणि त्यावर पुराणातल्या कथा. चार वर्षांनी, 7 जुलै 1896 रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं आली. तिकीट एक रुपया. मग जत्रांमधून तंबूतले सिनेमे फिरू लागले. सातारा जिल्ह्यात पुसेगावच्या यात्रेत तंबू लागत. प्रोजेक्टर, पडदा, जनरेटर सगळं ट्रकवर लादून आणावं लागे. एक गोष्ट तेवढी आणावी लागत नसे, ती म्हणजे रात्र. दिवस मावळला की ती माळावर आपोआप येई, सगळ्यांना सारखी आणि फुकट. उजेड महाग होता.

वाकोल्यात हे उलटं झालं आहे. उजेड कुठूनही येतो. हायवेच्या पुलावरच्या गाड्यांचा, रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडींचा, समोरच्या इमारतीच्या जिन्यातला. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून आपण भिंती पांढऱ्या रंगवतो, मग पडद्यावरचा उजेडही छताला आणि बाजूच्या भिंतींना आपटून पुन्हा पडद्यावरच येतो आणि स्वतःचंच काळं पुसतो. मी खिडकीला जाड कापडाचा दुपदरी पडदा शिवून घेतला, चित्राभोवतीची भिंत आणि छताची पुढची पट्टी गडद राखाडी रंगवली. एवढ्यानेच चित्र सुधारलं. यंत्र तेच होतं.

पारख करायची माझी रीतही तेव्हापासून बदलली. दुकानात फुलं, पोपट, समुद्र दाखवतात. त्या चित्रांवर कुठलंही यंत्र शोभतं. मी रुंद चित्रपट लावते आणि वरखाली ज्या रिकाम्या पट्ट्या उरतात त्यांच्याकडे आधी बघते. तिथे चित्र नसतं, म्हणून यंत्राला तिथे काही लपवता येत नाही. मग ‘तुंबाड’मधला वाडा, कंदिलाच्या उजेडातला. कंदिलाजवळचा चेहरा माणसाच्या कातडीचा दिसतो का, आणि मागच्या अंधारातली भिंत भिंतच राहते का, की नुसता डाग होते? शेवटी काळ्यावरची पांढरी नामावळी बघताना नजर झरकन बाजूला नेते. फिरत्या रंगचक्राच्या यंत्रात काहींना तेव्हा अक्षरांच्या कडेला लाल-हिरव्या चिरा दिसतात. मला दिसतात, भाच्याला नाही. एकच यंत्र दोन माणसांसाठी सारखं नसतं, हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.

हे सगळं मी त्याला समजावलं. तो शांतपणे म्हणाला, “टीव्हीला यातलं काही लागत नाही, मावशी. ओएलईडीत तर काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. आणि तू आत्ता जे सांगितलंस ते खोलीच्या मानाने, डोळ्यांच्या मानाने असंच झालं ना? मग माझ्या ‘मानाने’वर एवढा राग का?”

टीव्हीबद्दल त्याचं खरं होतं. दिवसा, दिवे लावून बघायचं असेल तर टीव्हीच घ्यावा. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याच्या दुसऱ्या प्रश्नाने मला जास्त अडवलं. मी ‘मानाने’ शब्दाविरुद्ध भांडायला निघाले होते आणि हिशेब, पडदा, रंग करता करता त्याच शब्दाची बाजू मांडून बसले होते. कशाच्याही मानाने नाही असं निखळ चांगलं चित्र मला कुठे दाखवता येत नाही. त्याचा शब्द बरोबर होता, माप तेवढं अपुरं होतं.

आणि माझंही अपुरं होतं. बटण दाबून अंधार फुकट मिळतो, असं मी लिहून बसले. पण हीच खोली आमची बसायची, जेवायची, अभ्यासाची. मुलगी दहावीला आहे. सासूबाई संध्याकाळी पोथी वाचतात. त्यांना ट्यूबच्या खालीच बसावं लागतं. मी बटण दाबते तेव्हा एकीचं पुस्तक मिटतं आणि एकीची पोथी. माळावरची रात्र कुणाकडून मागून आणावी लागत नव्हती. इथली मागावी लागते, घरातल्या प्रत्येकाकडून. उजेडाचे पैसे मी एकटीने दिले, अंधार मात्र सगळ्यांनी मिळून द्यायचा असतो.

म्हणून आता शनिवार ठरला आहे. अध्याय संपतो, वह्या दप्तरात जातात, ओटा आवरून होतो, आणि साडेनऊला सासूबाई स्वतः उठून ट्यूब बंद करतात. मागच्या शनिवारी भाचाही होता. वरखालच्या पट्ट्या भिंतीत विरून गेल्या होत्या. त्याने किमतीचं काही काढलं नाही. मध्येच त्याचा फोन उजळला, तर सासूबाई म्हणाल्या, “ठेव रे तो खाली, दिसत नाही.” त्याने फोन उलटा करून चटईवर ठेवला.