तीन माणसांची गवाही

मागच्या उरुसाला भाचा पुण्याहून आला होता. हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्यात रात्री आम्ही दोघे कव्वालीला बसलो. मध्यरात्र उलटल्यावर एका वयस्क माणसाला हाल आला. तो उठला, दोन्ही हात वर करून थरथरू लागला. शेजारच्यांनी त्याला अलगद सावरले आणि कव्वालांनी तोच मिसरा पुन्हा पुन्हा घोळवायला सुरुवात केली. माझे डोळे भरून आले. माझे अब्बाही इथेच असे उठत. तेवढ्यात भाचा कानाशी वाकून म्हणाला, "मामू, हे सगळं डोक्यातलं सिरोटोनिन आहे. तुम्ही तर बायोलॉजी शिकवायचात."

घरी परतताना त्याने उरलेले सांगितले. गोव्यात मित्रांच्या संगतीने त्याने एकदा एलएसडीचा नखाएवढा कागद जिभेवर ठेवला होता. "झाडाच्या पानापानात अल्लाहची कुदरत दिसते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. नानांना चाळीस वर्षं दर्ग्यात बसून जे मिळालं, ते मला एका दिवसात मिळालं. मेंदूतली जागा तीच असेल, तर एक इबादत आणि दुसरं हराम, असं कसं?"

मी रागावलो नाही. रागावता आले असते तर सुटलो असतो. एकतीस वर्षे मी मुलांना मज्जासंस्थेचा धडा शिकवला आणि त्यातला एकही तास या प्रश्नापर्यंत पोहोचला नव्हता.

आधी शास्त्र काय सांगते ते पाहू. आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो. पेरणीआधी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे दाणे काढून टाकण्याची रीत शेतकऱ्यांना माहीत आहे. याच बुरशीची एक भाऊबंद युरोपात राय नावाच्या धान्यावर पडते. तिच्यातील द्रव्यांवर काम करताना स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सॅन्डोझ कंपनीच्या आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली एलएसडी तयार केले. त्याचा प्रताप मात्र १९४३ साली, थोडे अंगात गेल्यावर कळला. १९ एप्रिलला त्यांनी मुद्दाम पाव मिलिग्रॅम घेतले आणि सायकलवरून घरी जाताना त्यांचे जग डोळ्यांदेखत वितळू लागले. पाव मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या चार-दोन कणांएवढे वजन. एवढ्याशा वस्तूने शुद्धीवरच्या माणसाचे विश्व बदलावे, यासाठी मेंदूत तिच्या मापाचे काहीतरी आधीच हवे.

ते काहीतरी म्हणजे रिसेप्टर. मेंदूतील पेशी बहुतेक ठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. एक पेशी मधल्या फटीत रसायन सोडते आणि पलीकडच्या पेशीच्या आवरणावरील रिसेप्टर ते झेलतो. सिरोटोनिन हे अशा रसायनांपैकी एक. ते झेलणारे रिसेप्टर एकाच प्रकारचे नाहीत, चांगले डझनभर आहेत. त्यातल्या २-ए नावाच्या रिसेप्टरवर एलएसडी बसते, आणि काही अळिंब्यांतून मिळणारे सिलोसायबिन पोटात गेल्यावर ज्यात बदलते तो पदार्थही तिथेच बसतो. झुरिकमध्ये फ्रान्झ फोलेनवायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली याची साधी परीक्षा प्रसिद्ध केली. आधी केटान्सेरिन हे औषध देऊन तो रिसेप्टर अडवला आणि मग सिलोसायबिन दिले. भास झालेच नाहीत. पुढे २०१७ साली अमेरिकेत ब्रायन रॉथ यांच्या प्रयोगशाळेने सिरोटोनिनच्या जवळच्याच एका रिसेप्टरमध्ये अडकलेल्या एलएसडीची रचना टिपली. रिसेप्टरचा एक भाग झाकणासारखा वरून बंद होतो आणि रेणू आत कोंडला जातो. अंमल इतके तास का टिकतो, त्याचे उत्तर या झाकणात आहे.

मला मात्र लिसुराइड या औषधाची गोष्ट जास्त बोलकी वाटते. तेही याच २-ए रिसेप्टरवर बसते, पण भास घडवत नाही. कुलूप एकच, चावी दोघांची बसते, तरी दार उघडते एकीनेच. म्हणजे 'जागा तीच' एवढ्याने 'गोष्ट तीच' असे विज्ञानही म्हणत नाही.

भाच्याच्या पहिल्या बोलण्याला उत्तर देणे मग तितके कठीण उरत नाही. रसायनामुळे घडते म्हणून खोटे, हा नियम लावला तर काहीच खरे राहणार नाही. गुलाब दिसतो तोही रसायनांच्या वाटेनेच, आईची आठवण येते तीही त्याच वाटेने. त्याने मांडलेला युक्तिवादसुद्धा रिसेप्टरांवाचून मांडता आला नसता. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी आपल्या आत्मकथनात एक भेद सांगितला आहे. नशेची व्याख्या माहीत असणे वेगळे आणि नशेत असणे वेगळे. नशेतल्या माणसाला ती व्याख्या ठाऊक नसते, शुद्धीवरच्या हकिमाला ती ठाऊक असते आणि नशा मात्र त्याच्यात नसते. सूफींची वाट केवळ वाचून कळत नाही, हे सांगण्यासाठी त्यांनी हा दाखला दिला. पण तो उलट बाजूनेही लागू पडतो. ज्याला अनुभव आला, त्याला आपल्याला काय झाले हे कळलेच असेल असे नाही. भाच्याला पानात जे दिसले ते त्याला दिसले, यावर माझा विश्वास आहे. ते काय होते, हे ठरवण्याचा अधिकार त्या कागदाने त्याला दिलेला नाही.

हराम-हलालचा प्रश्न मला या बाजूने नाही, आमच्या जिल्ह्याच्या बाजूने सुचत गेला. इथे बांधाबांधाला धोत्रा उगवतो. त्यातले ऍट्रोपिन सिरोटोनिनला हात लावत नाही, ते ऍसिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनाचे रिसेप्टर बंद करते. धोत्रा पोटात गेलेल्याच्या बाहुल्या फाकतात, तोंडाला कोरड पडते, समोर नसलेल्या माणसांशी तो बोलू लागतो. एलएसडी घेतलेल्याला बहुधा आपण काहीतरी घेतले आहे एवढे भान असते. याला तेही राहत नाही आणि मागून काही आठवतही नाही. आता हेच ऍट्रोपिन सरकारी दवाखान्यात पाहा. कीटकनाशक प्यायलेल्या शेतकऱ्याबद्दल आमच्याकडे कुणी 'विष घेतलं' म्हणत नाही, 'औषध पिलं' म्हणतात. ते 'औषध' शरीरात ऍसिटिलकोलिनचा पूर आणते आणि माणूस आपल्याच स्रावांत गुदमरतो. तेव्हा डॉक्टर ऍट्रोपिनची इंजेक्शनांवर इंजेक्शने देतात. आमचा एक शेजारी असा वाचला. दोन रात्री तो चादर खुडत, मेलेल्या बैलाला हाका मारत होता, आणि त्याची बायको ते वेडेपण पाहून अल्लाहचे शुक्र मानत होती, कारण औषध लागू पडत होते.

सूरे बकरामध्ये शराबेसंबंधी म्हटले आहे की तिच्यात गुनाह आहे आणि लोकांना काही फायदेही आहेत, पण गुनाह फायद्यापेक्षा मोठा आहे. पदार्थात काहीच गुण नाही असे तिथे म्हटलेले नाही. शरीअतच्या उद्देशांत ज्या पाच गोष्टी जपायच्या म्हणून सांगितल्या जातात, त्यात अक्ल आहे, आणि जीवही आहे. नशा निषिद्ध आहे ती अक्ल जपण्यासाठी. हिंडत्या-फिरत्या तरुणाने मजेसाठी आपली अक्ल एका कागदाच्या हवाली करणे मला हरामच वाटते. कायदाही १९८५ पासून एलएसडी आणि सिलोसायबिनला अंमली पदार्थच मानतो. पण उदासीच्या आजाराने अक्लच ज्याच्या वैरावर उठली आहे, त्याचे काय? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या २३३ रुग्णांना सिलोसायबिन दिले गेले. मोठी मात्रा मिळालेल्यांची उदासी तीन आठवड्यांनी अधिक उतरली होती. काहींच्या मनात मात्र आत्महत्येचे विचार आल्याचीही नोंद आहे. शेजारी जाणकार माणूस बसलेला, आधी आणि नंतर तयारी, असा तो बंदोबस्त होता. असले संशोधन व्हावे, असे माझे मत आहे. ते पुरे होण्याआधीच त्याचे दाखले देत गोव्याला जाऊ नये, हेही माझेच मत. २०२५ साली आमच्या तुळजापुरात मेफेड्रोनचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा पोरे बुडतात म्हणजे काय ते जिल्ह्याने पाहिले. मेफेड्रोनचे काम वेगळे, ते पेशींना हर्षाची रसायने ओतायला लावते. पण विकणारा हा फरक सांगत बसत नाही.

भाच्याच्या दुसऱ्या वाक्यापाशी मी जास्त अडखळलो. नानांचे आणि माझे एकच. तसे असेल तर ओळखायचे कसे?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. १९६२ साली बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये गुड फ्रायडेच्या दिवशी वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहा जणांना सिलोसायबिन, दहा जणांना साधे जीवनसत्त्व. पहिल्या दहापैकी बहुतेकांना गूढानुभव आला. एक जण इतका बेभान झाला की त्याला शामक इंजेक्शन द्यावे लागले, आणि ही गोष्ट मूळ अहवालात आलीच नाही; रिक डॉब्लिन यांनी १९९१ साली पुन्हा चौकशी केली तेव्हा ती बाहेर आली. बेहोशीची किंमत लपवण्याचा मोह फक्त मुरीदांनाच होतो असे नाही.

पुढे २००६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी छत्तीस निरोगी माणसांवर जास्त काळजीपूर्वक प्रयोग केला. दोन महिन्यांनी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातील पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत मोजला. ही गोष्ट सगळीकडे गाजली. मला मात्र त्यातली दुसरी, कमी गाजलेली गोष्ट थबकवून गेली. संशोधकांनी अनुभव घेणाऱ्याच्या बोलण्यावर भागवले नाही. प्रत्येकाच्या रोजच्या संबंधातील तीन माणसे निवडली आणि त्यांनाच विचारले, की हा माणूस तुमच्याशी आता कसा वागतो? रिसेप्टर कोणता, मात्रा किती, हे सगळे मोजून झाल्यावरही त्यांना शेजाऱ्यांची गवाही लागली.

आमच्या तेरचे गोरोबाकाका आठवले. भजनात तल्लीन होऊन माती तुडवताना त्यांच्या पायाखाली स्वतःचे मूल आले, ही कथा या भागातल्या मुसलमानांच्या घरांतही सांगतात. त्याच गोरोबांनी थापटीने संतांची डोकी वाजवून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते पाहिले, अशीही कथा आहे. तल्लीनतेत एखादा पायाखाली येऊ शकतो हे ज्याला ठाऊक झाले, त्यानेच मडकी वाजवून पाहावीत, हे मला बरोबर वाटते. बगदादचे हजरत जुनैद सुक्रपेक्षा सह्वला, म्हणजे मस्तीपेक्षा होशाला वरचा दर्जा देत, तेही असेच काही पाहून असेल.

मग मी अब्बांसाठी तीन माणसे शोधली. अम्मी हयात असती तर म्हणाली असती की उरुसानंतर आठवडाभर ते हळू बोलायचे. मोहल्ल्यातला म्हातारा शिंपी म्हणतो, की तुझ्या अब्बांनी उसने दिलेले पैसे कधी मागितले नाहीत. तिसरी माझी बहीण. भाच्याची आई.

सूरे निसामध्ये नशेत नमाजच्या जवळ जाऊ नका, असे फर्मान आहे. त्याच सूरेत, त्याच्या कितीतरी आधी, मुलीचा वाटा सांगितला आहे. अब्बांनी आमची नऊ एकर कोरडवाहू जमीन आम्हा दोघा भावांच्या नावे केली, गावची रीत म्हणून. तेव्हा बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतली ती मीच. तिने सही केली, चहा केला, आणि संध्याकाळच्या एसटीने सासरी गेली.

अब्बांचा हाल खोटा होता असे मी अजूनही म्हणणार नाही. त्यांचे थरथरणारे हात मी पाहिले आहेत. पण भाच्याला "तुझं खोटं आणि नानांचं खरं" असे सांगायला माझी जीभ वळली नाही. मी त्याला ते तीन गवाहांचे सांगितले आणि मग सातबारा दाखवला. त्याने तो दोनदा वाचला. बोलला नाही.

धाकटा भाऊ म्हणतो, आता एवढ्या वर्षांनी कशाला. बहीणही फोनवर तेच म्हणते. तलाठ्याने सांगितले की बक्षीसपत्र करावे लागेल, स्टॅम्पचा खर्च येईल, भावाची संमती असेल तर सोपे जाईल. मी माझ्या वाट्यातले आधी करून देणार आहे. त्यासाठी मोजणीचा अर्ज भरून ठेवला आहे.