डावा कौल

आई विंझाई, ताम्हिणीच्या रानात बसलेली माय, आज मूल मागायला आलो नाही की नोकरी. मागणं रानासाठी आहे.

तुझ्या धाकानं देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेली नाही. म्हणून अंजनी, जांभूळ, हिरडा उभे आहेत. गारंबीचा वेल झाडाच्या खोडासारखा जाड होऊन या शेंड्यावरून त्या शेंड्यावर गेलाय, आणि त्याच्या आधारानं शेकरू जमिनीला पाय न लावता रान ओलांडतं. या डोंगरावर पडलेला पाऊस मुळशीच्या धरणात साठतो, घाटाखाली भिऱ्याला उतरून वीज करतो आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातो. धरणातून मुळा नदीत सोडलेलं पाणी मात्र पुण्यावरून भीमेत, भीमेतून कर्नाटकात, कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागरात. दोन समुद्रांना पाणी देणारा हा डोंगर आम्ही गुंठ्या-गुंठ्यानं विकतोय, आई. १९२१ साली याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या मागं मावळ उभा राहिला होता. तेव्हा जमिनी हिसकावल्या गेल्या. आता आम्हीच इसार घेतो.

आम्हाला सद्बुद्धी दे, पण नुसती सद्बुद्धी देऊन भागणार नाही. पोटाचंही बघ. तिकडं भीमाशंकराच्या रानात महादेव कोळी माणसं बेहडा वेचतात, तो रान राखून वेचल्याच्या ‘फेअरवाइल्ड’ दाखल्यानिशी सातासमुद्रापार जातो. झाडाला धक्का लावायचा नाही, थोडी फळं रानाला ठेवायची, आणि दर बरा मिळतो. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची पिल्लं वाढतात, ती कोणत्याच बिलात नसतात. तसं काही आमच्याही पोरांच्या हाताला दे. कोळशाच्या भट्टीपेक्षा उभ्या झाडाचे पैसे जास्त आले, तर कुऱ्हाड आपोआप खाली राहील. ज्यांच्या घरात आमच्या पाण्याचा दिवा लागतो, त्यांनाही त्यातला वाटा उचलायला लाव. २०१३ साली अभयारण्य झालं, चांगलंच झालं. पण त्याला हद्द आहे, आणि हद्दीबाहेरच्या राईला तुझ्याशिवाय कुणी नाही.

आणि एक. हल्ली गावोगाव देवळांना स्लॅब टाकायची हौस आलीय. राईतलीच झाडं विकून तिथल्याच देवीला शिखर बांधतात, फरशी बसवतात, गाड्या लावायला जागा करतात. तुझ्यापुढंही कुणीतरी पावती पुस्तक घेऊन येईल. पाषाणाला फुलं चिकटवून कौल मागेल: उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. रागावू नकोस, लेकरंच आहेत. फक्त उजवं फूल घट्ट धर आणि डावं सोड.